रिकामं परत द्यायचं नसतं

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. पण चूक झाली म्हणून हातातली वस्तू सोडून द्यायची, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडपासून थोडं आत. बहुतेकांची दोन-तीन एकर जमीन, खरिपात सोयाबीन. एका प्रकल्पातून आमच्या बायांच्या गटाला बियाणं निवडायचं यंत्र मिळालं. माणसाहून उंच, पत्र्याची गोल गोल उतरत जाणारी पन्हळ, वर दाणे ओतायला टोपलीएवढं तोंड. सोयाबीन ओतलं की भरलेला गोल दाणा गरगरत बाहेरच्या कडेनं उतरतो, फुटका-चपटा दाणा आणि खडे आतल्या बाजूनं. वीज नको, डिझेल नको. कागदावर त्याचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. आम्ही तिला घसरगुंडी म्हणायचो. तिच्यामुळे पेरणीसाठी दुकानाच्या पिशवीचं तोंड बघायची गरज उरली नाही. घरचं बी घरीच निवडायचं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची आणि बिनधास्त पेरायचं.

उद्घाटनाला प्रकल्पाचे साहेब आले. "हे तुमचंच आहे, तुम्हीच मालक आहात," हे त्यांनी भाषणात इतक्या वेळा सांगितलं की माझी जाऊ कानात म्हणाली, "येवढं काऊन सांगून राह्यला वं हा? आपलं आहे तं आहे!" मग यंत्राच्या अंगावर प्रकल्पाच्या नावाचा लोखंडी फलक चार नटांनी कसला गेला. फोटोत यंत्रापेक्षा तोच जास्त आला.

आम्ही आपलं भाषण खरं मानलं. गावच्या पंगतीच्या भांड्यांचा जो नियम, तोच हिला लावला. लग्नकार्याची मोठी पातेली कुणा एकाची नसतात. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यावीत, घासूनपुसून पुढच्याला द्यावीत. घसरगुंडीही तशीच, जिची पाळी तिच्या अंगणात. पहिली पाळी सगळ्यांत कमी जमीनवालीची. बैलगाडीतून उतरवताना घसरगुंडीचा एक पाय मोडला, तेव्हा बाजाराच्या दिवशी धाडला नेऊन एका चाचांकडून वेल्डिंग करून आणलं. प्रकल्पाला कळवलंसुद्धा नाही. घरातल्या खाटेचा पाय मोडला तर कुणी कलेक्टरला कळवतं का?

आता माझ्या चुकीकडे येते. शेजारणीचं भांडं आमच्यात रिकामं परत देत नाहीत. वाटीत साखर, नाहीच काही तर चार दाणे तरी घालून देतात. पहिल्या वर्षी माझं बी निवडून झालं, यंत्र पुसलं, पण रिकामं द्यायला हात धजेना. वरच्या तोंडात मी मूठभर सोयाबीन टाकून ठेवलं. पुढची पाळी जावेची. तिला ते आवडलं, तिनंही पुढच्या बाईला तसंच दिलं. बघता बघता रीत पडली. मी पाडलेली रीत म्हणून केवढी मिरवले मी!

कुणाच्या घरी एक वाण, कुणाच्या घरी दुसरं. प्रत्येकीची मूठ पुढचीच्या बियाण्यात मिसळत गेली. दोन वर्षांनी श्रावणात जांभळ्या फुलांच्या शेतात मधूनच पांढरी फुलं दिसायला लागली आणि नेमके त्याच आठवड्यात साहेब पाहणीला आले. भेसळ कशी झाली, त्यांनी विचारलं. मी मुठीची गोष्ट सांगितली. ते हसले. रागावले असते तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं, पण ते हसले. म्हणाले, प्रकल्प संपत आलाय, यंत्र बुलढाण्याच्या गोदामात जाणकारांच्या देखरेखीखाली ठेवू, लागेल तेव्हा अर्ज करा.

अर्ज! म्हणजे बी निवडायच्या दिवसांत शेत सोडून आम्ही बुलढाण्याला खेटे घालायचे, आणि साहेब जागेवर नसले की पुन्हा दुकानाची पिशवी आणायची. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण लाजेपेक्षा राग मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गटाच्या बायांना बोलावलं. "माह्या मुठीनं झालं हे," मी म्हटलं. "काय शिव्या द्याच्या त्या द्या, मंग कामाले लागा." शिव्या मिळाल्या, चांगल्या सडकून मिळाल्या. मग फुलं होती तोवरच आम्ही सगळ्या मिळून एकेकीच्या शेतात उतरलो आणि वेगळ्या रंगाच्या फुलाचं झाड न् झाड उपटलं. रीत मात्र मोडली नाही. मूठ द्यायची, पण फडक्यात बांधून यंत्राच्या पायाला. तोंडात नाही.

दसऱ्यानंतर नवं सोयाबीन घरात आलं. माझं बी निवडून होत होतं, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. साहेब आणि दोन हमाल उतरले. टेम्पो बघून बाया खळ्यावरचं काम टाकून आल्या. अंगण भरलं.

"बाई, समजून घ्या," साहेब म्हणाले. "तुमच्याच चुकीमुळे न्यावं लागतंय."

"चूक आमचीच हाये साहेब. निस्तरली बी आमीच. वस्तू तुमची असती तं तुमची वाट पाहत बसलो असतो. पाय मोडला तवा बसलो का?"

"पण हे प्रकल्पाचं आहे हो. त्यावरचा फलक तर बघा."

मी जावेकडे बघितलं. ती घरातून पाना घेऊन आली. तीन नट सहज निघाले, चौथा गंजून बसला होता. जावेनं पान्यावर सगळा भार टाकून तोही फिरवला. फलक सुटला. मी तो पदरानं पुसला आणि साहेबांपुढे धरणार, तर हात थबकला. आत गेले, नुकतंच निवडलेलं मूठभर बी फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी फलकाच्या भोकाला गाठ मारून अडकवली.

"हे घ्या साहेब, तुमचं होतं ते. आमच्यात कोणाचं रिकामं वापस देत नाईत."

साहेबांनी फलक दोन्ही हातांत घेतला. बायांकडे बघितलं, घसरगुंडीकडे बघितलं आणि हमालांना टेम्पोत बसायला सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत.

टेम्पो वळत होता तेव्हा जाऊ फाटकातून ओरडली, "पेरजा बरं साहेब! एकाच रंगाचे फुलं येतीन!"