हळद लावलेल्या अळ्या आणि आमच्या मॅडम

डॉ. सुलभा मॅडमांना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात माझेही चार शब्द असावेत, असा निरोप सांगलीहून आला. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते. मॅडमांच्या रेशीमकिड्यांवरच्या संशोधनाविषयी त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी आमच्या शेडमध्ये घडलं तेवढं सांगते आणि एक गोष्ट कबूल करते. ती छापून आल्यावर माझा मुलगा काय म्हणेल, याची धास्ती आहेच.

आम्ही माणदेशातले मेंढरंवाले. सात-आठ वर्षांपूर्वी मुलानं बरीच मेंढरं विकली, तुती लावली, पत्र्याचं शेड उभारलं आणि रेशमाच्या अळ्या आणल्या. त्या पहिल्याच खेपेला मॅडम अळ्या तपासायला स्कूटरवरून आल्या. अजून हेल्मेट काढलं नव्हतं, तोच म्हणाल्या, "आजी, चपला बाहेर, आणि आधी हात धुवा."

मी म्हटलं, "आवं, पाव्हनी तुमी. हात तुमी धुवायचं, का घरच्यांनी?"

"दोघींनी," म्हणाल्या आणि माझ्या आधी स्वतः धुतले. ही आमची पहिली ओळख. पुढेही मॅडमांनी कोणाला असं एकही काम सांगितलं नाही, जे त्यांनी आधी स्वतः केलं नाही.

त्याच खेपेला अळ्या शेवटची कात टाकायला बसल्या. कात टाकताना अळी पान सोडते आणि मान वर करून गप्प राहते. पण काही अळ्या बसेनात. रॅकच्या कडेकडेनं नुसत्या फिरत होत्या. आमच्यात कळप सोडून चारा हुडकणारं कोकरू हुशार समजतात. मला वाटलं, ह्या हुशार, ह्यांना भूक जास्त. मी एकेक उचलून दुसऱ्या रॅकवर कोवळ्या पाल्यात सोडली. काहींचं अंग सुजलेलं, चकचकीत दिसलं. कोकराला लावते तशी त्यांना बोटानं हळद लावली. घरात कोणाला सांगितलं नाही. म्हातारीला शेडमध्ये येऊ देत होते, तेच पुष्कळ होतं.

दोन दिवसांनी अळ्या कडेला उलट्या लोंबू लागल्या. कातडी फुटून दुधासारखं पाणी खाली ठिबकू लागलं. मुलगा कपाळाला हात लावून दारातच बसला. मेंढरं गेली होती. आता ह्याही गेल्या तर मागं काय उरणार? मॅडमांना फोन गेला. दुपारपर्यंत त्या हजर.

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकेक रॅक बघितला. मग मला एकटीला आत बोलावलं.

"आजी, ही हळद कोणाची?"

मी हात पदराआड नेले. पण बोटं अजून पिवळी होती. मॅडमांनी ती बघितली आणि ओळखलं.

बारकं मोठं दाखवणारी दुर्बीण त्यांनी सोबत आणली होती, तिच्याखाली ते दुधासारखं पाणी ठेवून मला दाखवलं. मिठाच्या बारीक खड्यांसारखं काहीतरी होतं, मोजता येईना इतकं. म्हणाल्या, "ह्या खड्यांच्या आत विषाणू असतो. तो अळीला बसू देत नाही. ती फिरत राहते, कडेला जाऊन मरते, फुटते, आणि खालच्या पानांवर रोग सांडतो. पान खाल्लं की पुढची आजारी."

"म्हंजी पाय तिचं, आन् चालवनारा दुसराच?"

"अगदी तसंच."

"मग मी त्येला गाडीत बसवून गावोगाव पोचवला की वं!"

मॅडम हसल्या नाहीत. "पुन्हा आजारी अळीला हात लावून चांगलीला लावलात, तर मी या शेडमध्ये पाय ठेवणार नाही," म्हणाल्या. आणि मग बाहेर जाऊन मुलाला सांगितलं, "आजारी अळ्या कुठं कुठं गेल्यात ते हळदीवरून कळतंय. आजींच्या खुणा आहेत म्हणून बाकीचे रॅक वाचवता येतील."

घरच्यांना वाटलं, म्हातारीनं मुद्दामच खुणा केल्या. आजवर तसंच वाटत होतं. (नात लिहायची थांबली आहे. लिही गं, छापू दे.)

हळद दिसली ते दोन रॅक मॅडमांनी स्वतः रिकामे केले, अळ्या चुन्यात पुरल्या. उरलेल्यांवर चुना भुरभुरला. त्यानंतरचे दिवस मला जेवण गोड लागलं नाही. एखादी अळी जरा हलली की मी उठून बघायला जायचे. शेवटी उरलेल्या अळ्या चंद्रिकेच्या जाळीवर चढल्या आणि कोष विणू लागल्या, तेव्हा मी मॅडमांना फोन लावला आणि रडतच सुटले. त्याच म्हणाल्या, "रडताय म्हणजे चढल्या वाटतं."

तेव्हापासून रोज सकाळी शेडमध्ये पहिली नजर माझी. मॅडमांनीच ते काम नेमून दिलं. "मेंढरातलं एक लंगडं ओळखणारे डोळे आहेत तुमचे. जी बसत नाही, ती आधी बघा. आणि चिमट्यानं उचला, मायेनं नको."

गेल्या महिन्यात मॅडम आल्या होत्या. निवृत्त झाल्यात, असं म्हणतात. मी पाट दिला, त्या बसल्या नाहीत. चहा उभ्यानंच घेतला. पायांवर सूज होती, दोन पायऱ्या चढून दम लागला. मी म्हटलं, "दाखवलं का कुणाला?"

"काही नाही हो आजी. अजून फलटणला जायचंय, मग पाचगणीला."

त्या रॅक बघत होत्या, मी मॅडमांना बघत होते. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

म्हणून ह्या ग्रंथाच्या निमित्तानं सगळ्यांसमोर बोलते. मॅडम, चांगली अळीसुद्धा कात टाकताना पान सोडून गप्प बसते. साठी म्हणजे माणसाचं कात टाकणंच. जी बसत नाही ती आधी बघायची, हे तुमचंच शिकवणं आहे. डॉक्टरांना दाखवा. फलटण कुठं पळून जात नाही.

आमचा बिरोबा तुम्हाला खणखणीत तब्येत देवो आणि माझ्या नातीच्या शेडमध्येही "आधी हात धुवा" म्हणायला तुम्ही असा. सत्काराला मी येणार आहे, हळदीची डबी घेऊन. तोवर दवाखान्यात जाऊन आला नसाल, तर भर सभेत तुमच्या तळपायांना हळद फासेन. मग कुठं कुठं फिरताय ते साऱ्या जिल्ह्याला दिसू दे.