युरियाचं पाणी

वालूरहून निघालेली ती रुग्णवाहिका मला अजून विसरता आलेली नाही. आत अडलेली बाळंतीण होती. परभणीला पोहोचायला दुप्पट वेळ लागला. आई वाचली, बाळ गेलं. चालक वाटेत चहाला थांबला असणार, अशी गाडीत नसलेल्या नवऱ्याने माझ्या ठाण्यात फिर्याद दिली.

चालक पन्नाशीचा, नातेवाइकांनी मारल्यामुळे ओठ फुटलेला. एकच सांगत होता, "मी थांबलो न्हाई साहेब. पिवळा दिवा लागला अन् गाडी उचलंनाच. बैलगाडीसारखी चालली."

असली कारणं मी आयुष्यभर ऐकली होती. दोन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं.

तिसऱ्या दिवशी पिंगळीचा एक मेकॅनिक आपणहून आला. त्याने कागदात गुंडाळलेला एक सुटा भाग टेबलावर ठेवला. त्या भागाच्या तोंडावर पांढरा, दगडासारखा थर होता.

"साहेब, डायवर खरं बोलायलाय. हा दुसऱ्या गाडीचा फवारा हाय. असल्या तीन गाड्या खोलल्या मी."

त्याने समजावून सांगितलं. नव्या डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाचं शुद्ध द्रावण वेगळ्या टाकीत भरतात. पंप ते मोजून धुराच्या नळीत फवारतो. द्रावण खराब असलं की फवारा तुंबतो, पिवळा दिवा लागतो आणि गाडी स्वतःच इंजिनाची ताकद कमी करते. तिन्ही गाड्यांत द्रावण भरलं होतं ते परभणीच्या वळण रस्त्यावरच्या एकाच दुकानातून. चालकाला विचारलं, तर त्यानेही तेच दुकान सांगितलं.

पंचांसमक्ष रुग्णवाहिकेचा फवारा उघडला. तोच पांढरा थर. मग त्या दुकानात बनावट ग्राहक पाठवून द्रावणाची बादली घेतली, नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवला. शेतात टाकायचा युरिया आणि बोअरचं पाणी, असा अहवाल आला.

दुकानदार चौकशीत हसला. "युरिया न् पाणीच तर हाय साहेब. त्यानं काय माणूस मरतंय का?"

मी त्याला वालूरच्या बाळाचं सांगितलं. त्याचं हसू गेलं. त्याने हळूच विचारलं, "पोरगी होती का पोरगा?"

"पोरगी."

त्यानंतर त्याने द्रावण बनवायची शेड स्वतःच दाखवली. युरियाची पोती, टाक्या आणि छापील लेबलं जप्त करून आम्ही त्याला अटक केली.

चालकाला निर्दोष असल्याचं सांगायला मी त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. तो म्हणाला, "माझं जाऊ द्या साहेब. त्या लेकराच्या आईला सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. आम्ही दोघे वालूरला गेलो. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि तो खाली मान घालून चालकासमोर उभा राहिला. आतून ती बाई भिंतीला धरून बाहेर आली. चालकाला म्हणाली, "दादा, तुमी लय जोर लावत होता. मला दिसत होतं."

तिचा जबाब मी घेतलाच नव्हता. बाळंतीण आहे, तिला काय विचारायचं, असं मला वाटलं होतं. पुढे नोकरी संपेपर्यंत, ज्याच्यावर आघात झाला त्याला विचारल्याशिवाय मी कुणालाही त्या बाकावर बसवलं नाही.