मनकर्णाबाईची समुद्रफुलं

अकोल्याला मोर्णेच्या काठी मनकर्णाबाई माळीण राहायची. शेवंती, मोगरा, झेंडू लावायची आणि सकाळी टोपली घेऊन घरोघर फुलं द्यायची. माहेर तिचं खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारट, की पिण्याच्या पाण्यासाठी बायका कोसभर चालत. समुद्र मात्र तिनं कधी पाहिला नव्हता.

विलायतेत कापसाची टंचाई पडली आणि वऱ्हाडच्या कापसाचे दिवस फिरले. त्या धामधुमीत एका गोऱ्या कापूसवाल्यानं गावाबाहेर बंगला बांधला. आगगाडी अकोल्यापर्यंत आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी कापूसवाल्याच्या मडमेनं मुंबईहून काचेची एक पेटी आणवली. आत समुद्राचं पाणी, चार दगड आणि दगडांना चिकटलेली दोन तांबडी फुलं.

"हे कोनतं फूल हाये, पुंजारामभाऊ?" बंगल्यावर मोगरा द्यायला गेलेल्या मनकर्णाबाईनं खानसाम्याला विचारलं.

"फूल नाही बाई, जीव हाये तो. पाह्य आता." पुंजारामनं नदीतल्या झिंग्याचा तिळाएवढा तुकडा काडीनं फुलाला टेकवला. पाकळ्या हलल्या, तुकड्याभोवती वळल्या, आणि घास आत गेला.

मनकर्णाबाई टोपली ठेवून तिथंच खाली बसली. जन्म सारा फुलांत गेलेला, पण जेवणारं फूल! त्या दिवशी दोन घरांचे हार पोचलेच नाहीत.

मग ती रोज बंगल्यावर थांबू लागली. मडमेनं मोडक्या हिंदुस्तानीत तिला काम शिकवलं. सकाळी लोटीनं पेटीतलं पाणी उंचावरून पुन्हा पेटीतच ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आठवड्याला एक घास, जास्त नाही. उरलंसुरलं लगेच काढायचं, नाहीतर पाणी नासतं. चैत्र सरता सरता मडम चिखलदऱ्याला गेली आणि फुलं बाईच्या हवाली केली.

वैशाख तापला तसं पेटीतलं पाणी उतरू लागलं.

"समुद्राचं पानी खारटच रायते," पुंजाराम म्हणाला. "मीठ कालवून भरून टाक."

मनकर्णाबाईनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "काहून कालवू मीठ? हे तं पयल्यापेक्षा खारट झालं. आमच्या गावी डबकं आटलं का काठावर मीठ दिसते. पानी उडून जाते भाऊ, मीठ कुठी जाते?"

"मेले तं तुह्या माथी, बाई."

पाण्याची जुनी पातळी काचेवर पांढऱ्या रेघेनं उमटली होती. मोर्णेच्या वाळूत झिरा खणून तिनं गोडं पाणी आणलं आणि थोडं थोडं करत त्या रेघेपर्यंत भरलं. चव पहिल्यासारखी झाली.

पण पाणी कोमट होतं. फुलं मिटून गोळा झाली. एक तर दगडावरून सुटून तळाशी पडलं. पुंजाराम ते फेकायला निघाला तेव्हा तिनं त्याचा हात धरला. फूल नाकाशी नेऊन वास घेतला. "घान नाही येत. जित्तं हाये."

पेटीतलं पाणी, दगड आणि दोन्ही फुलं तिनं चिनी मातीच्या मोठ्या बरणीत घातली, तोंडाला विरळ फडकं बांधलं आणि बरणी दोरानं बंगल्याच्या विहिरीत सोडली, पाण्याच्या जरा वर, गारव्यात. सकाळ-संध्याकाळ ती वर ओढायची, लोटीनं हवा द्यायची, चव बघायची, पुन्हा सोडायची. हाताला घट्टे पडले. चौथ्या दिवशी एक फूल उमललं. सहाव्या दिवशी पडलेलंही दगडाला चिकटलं.

अकराव्या सकाळी तिनं फडकं सोडलं आणि ती बरणीवर वाकली. एका फुलाचं तोंड किंचित उघडलं होतं. त्यातून मोहरीएवढा तांबडा मणी बाहेर आला, हळूहळू खाली गेला, दगडाला टेकला. काही वेळानं त्यानं पाकळ्या उघडल्या. आईसारख्याच सगळ्या, केसाएवढ्या बारीक.

"भाऊ," तिनं हाक मारली. "लेकरू झालं इले."

पुंजाराम धावत आला आणि बघतच राहिला. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दोघं हलले नाहीत.

मडम परतली तेव्हा दोनाची अकरा झाली होती. विहीर, रेघ, झिऱ्याचं पाणी, सगळं तिनं दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं.

पुढे कापसाचा जोर ओसरला आणि दोन वर्षांनी बंगला रिकामा झाला. फुलं पुन्हा समुद्रात सोडायची असं ठरलं. बरणी मांडीवर घेऊन मनकर्णाबाई मुंबईला गेली. सोबत मडम आणि पुंजाराम. ओहोटीच्या वेळी तिघं खडकांवर उतरली.

मनकर्णाबाईनं खाली पाहिलं. खडकाच्या प्रत्येक खाचेत, प्रत्येक डबक्यात ती फुलं होती. तांबडी, हिरवट, मिटलेली, उमललेली. नजर जाईल तिथवर.

"इतक्यायची देखरेख कोन करून राह्यलं?" ती पुटपुटली. मडमेला वऱ्हाडी कळली नाही. पुंजारामनं फडकं सोडून बरणी तिच्यापुढं धरली.

तिनं आपली फुलं एकेक करून खाचेत ठेवली. प्रत्येकाला बोटानं धरून, ते दगडाला चिकटेपर्यंत ती थांबायची. भरती आली, लाट गुडघ्याला लागली, तरी तिचं शेवटचं फूल बाकी होतं. ते चिकटल्यावरच ती उठली.

मडम विलायतेच्या जहाजावर चढली. परतीच्या गाडीत मनकर्णाबाई रिकामी बरणी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली आणि भुसावळ आलं तेव्हा तिनं आत बोट फिरवून जिभेला लावलं.