कढीपत्त्याचं खाणं

मासे धुतलेल्या पाण्याचा वास आला की मालाडच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरातली ती सकाळ आठवते. आई ते पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला घालायची. झाड तरारलेलं असायचं आणि वरच्या मजल्यावरच्या पक्क्या शाकाहारी काकू रोज त्याची पानं न्यायच्या. "त्यांना सांगू नकोस हं," असं आईने बजावलं होतं, पण आपण त्यांना फसवतोय हे मला खात राहायचं. त्या दिवशी काकूंनीच विचारलं, "काय घालता रे याला?" मी म्हणालो, "बांगडे धुतलेलं पाणी." काकूंचा हात फांदीवरच थांबला. आईने दारातून डोळे वटारले. "झाडाने खाल्लं ना? मी कुठे खाल्लं!" म्हणत काकूंनी नेहमीपेक्षा मोठी फांदी मोडली. आज माझ्या कुंडीतला कढीपत्ताही तेच पितो. पानं मागायला येणाऱ्याला मी ते आधीच सांगतो, आणि अजून कुणी रिकाम्या हाताने परत गेलेलं नाही.