विहिरीनंतरची अकरा मिनिटं

एसटीत कुणी मोबाइलवर त्यांचा पिक्चर बघताना दिसला, की रफिकभाई उठून त्याच्या शेजारी बसत आणि पिक्चरचा शेवट सांगून टाकत. स्वतःच्याच पिक्चरचा शेवट फोडत फिरणारा दुसरा दिग्दर्शक मी पाहिला नाही.

रफिकभाई अकोल्याचे. लग्नांच्या शूटिंगवर त्यांचं घर चालायचं. आमचीच माणसं घेऊन, आमच्याच बोलीत त्यांनी एक पिक्चर काढला. नवरा गेल्यावर एकटीनं वावर कसणाऱ्या बाईची गोष्ट. मी त्यांचा मदतनीस, आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणून लिखापढी माझ्याकडे. "बीए, तू लिव्ह. माह्यं कोन आयकते?" मुंबईच्या एका कंपनीनं सगळे हक्क घेतले. तो करार मीच वाचला, आणि सही करा म्हणून मीच सांगितलं. कंपनीनं अमरावतीत एका टॉकीजला दुपारचा एक खेळ दिला. चार दिवस, ऐन पेरणीत. कोण जाणार बघायला?

त्या चार दिवसांत कुणीतरी खुर्चीत बसून मोबाइलवर पिक्चर चोरला. चोरीही अर्धवट. बाई अंधारात विहिरीकडे निघते, तिथं त्याची बॅटरी संपली असावी. पुढची अकरा मिनिटं नाहीतच. ही कॉपी नेटवर गेली, तिथून मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात भरून मिळू लागली, आणि साऱ्या वऱ्हाडानं ठरवून टाकलं की बाईनं जीव दिला. त्या वर्षांत आमच्याकडे हे खरं वाटायला वेळ लागत नव्हता.

एकदा चांदूर रेल्वेच्या बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर एक बाई होती. कपाळ मोकळं, मांडीवर झोपलेली पोरगी. मोबाइल बंद करत ती शेजारणीला म्हणाली, "बरं केलं तिनं. सुटली."

रफिकभाई ताडकन उभे राहिले. "नाई मरत थे बाई, माय! बैलायले पानी काढाले गेली हाये. पानी घेऊन घरी येते, सकाऊन पेरनीले निंगते. म्याच बनवला हाये पिच्चर!"

बाई वळून बघत राहिली. "खरंच? मंग दाखवा ना भाऊ."

दाखवणार काय? पिक्चर घरी हार्डडिस्कमध्ये आणि दाखवायचा हक्क मुंबईत. तिचा थांबा आला, ती उतरली.

"लिव्ह बीए," परतल्यावर ते म्हणाले. "नेटवर टाका म्हना, दहा रुपयात द्या. पूरा भेटला तं चोरीचा अर्धा कोन पायते?" मी चार पत्रं लिहिली. शेवटी कंपनीच्या साहेबाचा फोन आला. तुमच्याकडची माणसं पैसे भरून ऑनलाइन बघतील, असं खरंच वाटतं तुम्हाला?

रफिकभाईंनी माझ्या हातातून फोन ओढला. "चोरीचा पिच्चर नेटवरूनच आला ना आमच्या गावात? त्याले रस्ता सापडला, तुमाले कावून नाई सापडत?"

मग त्यांनी ती अकरा मिनिटं स्वतःच नेटवर फुकट टाकली. आठ दिवसांत कंपनीनं काढायला लावली आणि नोटीस धाडली, चोरीची. चोराला नाही, रफिकभाईंना! ती वाचून दाखवताना माझी पदवी मला चावत होती. त्यांनी नोटिशीवर बोट ठेवलं. "तोंडानं सांगाले तं बंदी नाई ना यात? पाह्य नीट." नाही म्हटल्यावर त्यांनी ती घडी करून खिशात घातली.

तीन वर्षं ते तोंडानं सांगत फिरले. चौथ्या उन्हाळ्यात गेले.

आता कंपनीनं पिक्चर ऑनलाइन टाकलाय, पूर्ण. एका दुपारचं काम होतं. परवा साहेबाचा फोन आला, खुशीत होता. "कमाल आहे हो! सगळ्यात जास्त तुमच्याच भागातून बघतायत, आणि पैसे भरून!"

"चांदूरच्या बसमधल्या बाईनं तेव्हाच मागितला होता, साहेब."

"कोण बाई?"

मी तिचं नाव विचारलं नव्हतं. ती उतरली तेव्हा तिच्याजवळ रफिकभाईंचा नुसता शब्द होता. तो तिला पुरला की नाही, मला माहीत नाही.