वजूचं पाणी

अम्मीच्या हाताला झाड लागत नाही, हे कोरपन्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. जगलं ते एकच, सासूची जीभ. उभी, जाड पानं, कडेला पिवळी रेघ. सिमेंटची धूळ बसो की वैशाखाचं ऊन लागो, ते आपलं ताठच. पंधरा-वीस दिवसांत कधी आठवण झाली, तर अम्मी तांब्यातलं उरलेलं पाणी त्यात ओतायची आणि म्हणायची, "माही सासू गेली, पन जीभ ठेवून गेली. याले काई लागत नाई, फक्त याच्या वाटेले जाऊ नका." अब्बा शिलाई मशीनवरून हसायचे. गिऱ्हाइकांत जन्म गेल्यामुळे घरातही आमची गावचीच बोली.

मला गडचिरोलीला नोकरी लागली, तेव्हा तिने त्याचाच एक फुटवा डालड्याच्या डब्यात लावून दिला. ऑफिसात फायलींच्या आडोशाला, माझ्या विसरभोळेपणावर तो मस्त वाढला.

मग अम्मीच्या किडन्या गेल्या. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, पाणी अगदी थोडं, वर थेंब नाही. अम्मी मागायची, "अजी, एक घोट तरी द्या ना." अब्बा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. जन्मभर तिचा शब्द खाली पडू न देणारा माणूस, शेवटी नेमकं पाण्यालाच नाही म्हणत राहिला. त्यातच ती गेली.

पुढे उन्हाळ्यात सुटीवर घरी गेले, तर अम्मीच्या झाडाची कुंडी अंगणातल्या नळाजवळ आलेली. नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायला, अब्बा कुंडीच्या काठाशीच बसत. पाचही वेळचं पाणी तिच्यात. पाण्याची मारामार असलेल्या गावात ते वाया कशाला घालवायचं? मातीचा नुसता चिखल झाला होता. माझं डोकंच फिरलं.

"अब्बा, काऊन बुडवून राह्यले त्याले? अम्मी तर पंधरा-पंधरा दिवस..."

"म्हनूनच," ते म्हणाले. "तहानलं असन बिचारं. तिची वस्तू हाये. माह्या घरात आता कोनी पान्याले तरसाचं नाई."

ते झाड पाण्यानेच मरतं, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण 'पाणी देऊ नका' हे त्यांनी एकदा ऐकलं होतं आणि पाळलंही होतं. ते पुन्हा कोणत्या तोंडाने सांगू? मी चहा ठेवायला आत गेले. ते मशिदीत गेले की मी कुंडी तिरपी करून पाणी काढून टाकायची, आले की पुन्हा वजू. सुटी संपली. माझा फुटवा परत आणून द्यावा असं मनात आलं, पण तोही तिथेच बुडाला असता.

ईदला गेले तेव्हा पानं बुडाशी पिवळी, मऊ पडली होती. कललेलं एक पान सरळ करायला अब्बांनी धरलं, तर ते अलगद हातातच आलं. कुजका वास सुटला. पान तसंच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पानी कमी पडलं काय वं?"

"नाई अब्बा," मी म्हटलं, "पानी तर तुमी पोटभर देलं त्याले."

त्यांनी मान हलवली. अजान झाली होती. तांब्या भरून ते त्याच कुंडीशी बसले.