आईंचा प्लग सोडून

विजेला भिणारी माणसं घरोघर सापडतील. पण विजेशी उभं वैर धरून तिच्याबद्दल इतक्या आदराने बोलणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असावा, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. खालचे काका. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची उभी हयात गेलेली, त्यामुळे कोणतीही वस्तू केव्हाही उडू शकते यावर त्यांचा ठाम विश्वास. कात्रजच्या घाटावर ढग जमले रे जमले की काका बनियनवरच जिना चढत आणि दारोदार बेल वाजवत. "टीव्ही, फ्रीज, वायफाय. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून वीज ऐकत नाही." कुणी कुरकुरलं तर म्हणत, "राहू द्या. नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर माझी काही हरकत नाही." एकदा वरच्या मजल्यावर ऐन फायनलच्या शेवटच्या षटकात त्यांनी प्लग ओढला. त्या घराने त्यांच्याशी बोलणं टाकलं. काकांना ते कळलंच नाही, कारण आभाळ स्वच्छ असताना ते कुणाशी फारसं बोलतच नसत.

सोसायटीच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे. जास्तीची वीज जमिनीत जिरावी म्हणून तो असतो, आणि जमीन ओली असली तरच ती नीट जिरते. म्हणून उन्हाळाभर काका सकाळी आंघोळ उरकून तिथे पाणी आणि मूठभर खडेमीठ घालत. नव्याने राहायला आलेल्या एका काकूंनी काही दिवस हे पाहिलं आणि एका मंगळवारी तिथे हळदकुंकू वाहिलं. बघता बघता जास्वंद आली, उदबत्ती आली. मला वाटलं, काका आता भडकणार. ते शांतपणे म्हणाले, "वाहू द्या. देव म्हणून का होईना, तिथे कुणी स्कूटर लावत नाही. फक्त त्यांना सांगा, फुलं कमी आणि पाणी जास्त."

माझी आई तेव्हा ऑक्सिजनच्या मशीनवर होती. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा गडगडलं तेव्हा काका नेहमीसारखे आत आले आणि त्या मशीनपाशी थबकले. सगळे प्लग काढता येत होते, हा एकच येत नव्हता. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला घेऊनच ते वर आले आणि आमच्या मेन बोर्डात एक डबी बसवून घेतली. सर्ज प्रोटेक्टर. तिला इवलीशी हिरवी खिडकी. "विजेचा लोंढा आला की ही तो अंगावर घेते आणि खड्ड्याकडे पाठवते," काका आईला म्हणाले. "तुमचं मशीन आता हिच्या आड आहे." आई हसली. "आणि आम्ही सगळे तुमच्या आड, भाऊ."

पुढे एका दुपारी शेजारच्या सोसायटीतल्या नारळावर वीज पडली. कानठळ्या बसल्या, दिवे गेले. तिथल्या घराघरांतून टीव्ही आणि फ्रीज जळाले. मी आईला जोडीला ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर घेतलं. तो किती वेळ पुरेल याचीच धास्ती होती. काका भिजलेले वर आले आणि तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळी दिवे आले, पण मशीनचं बटण दाबायचा मला धीर होईना. काकांनीच ते दाबलं. मशीन घरघरलं आणि चालू झालं. बोर्डातली खिडकी मात्र लाल झाली होती. लोंढा अंगावर घेऊन डबी जळाली होती. मी काकांचे हात धरले. "माझे हात काय धरता?" ते म्हणाले. "खाली जाऊन खड्ड्यात पाणी घाला."

आई त्यानंतर बरेच दिवस आमच्यात राहिली आणि गेली ती शांतपणे, आपल्या वेळेने. ते दिवस मला काकांनी दिले, असंच मी मानतो. काका आता हडपसरला मुलीकडे असतात. हल्ली त्यांना पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत, पण गडगडलं की फोन येतो.

"प्लग काढले का?"

"काढतोय, काका."

"आईंचा सोडून हं."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यांना खरं सांगायचं मी टाळलं. आता मी "आईंचा सोडून" असंच म्हणतो. मग घरभर फिरून सगळे प्लग काढतो, आणि तिच्या कॉटच्या जागेपाशी भिंतीवर जो रिकामा सॉकेट आहे, त्याचं बटण चालूच ठेवतो.